तुझ्या सिनेमातली भुतं

शारजा, २० फेब्रुवारी २००४

कैवल्य,

आशीर्वाद आहेतच, ते वेगळे लिहीत नाही. हातानं लिहिते आहे, कारण ई-मेलमध्ये मराठी उमटत नाही आणि इंग्रजीत मला नीट रागावता येत नाही. हळूहळू वाच. अडलास तर मोठ्यानं वाच, लहानपणी वाचायचास तसं. टोरोंटोत कुणाला कळणार आहे?

काल तुझा सिनेमा पाहिला. तुझ्या इथल्या जुन्या कॉलेजातून फोन आला होता, पहिलं बक्षीस मिळालंय, आईवडिलांनी यावं. ऑगस्टमध्ये तुमचं दोघांचं वाजलं तेव्हापासून तुझे बाबा तुझं नाव काढत नाहीत, म्हणून ते नको म्हणाले. मी म्हटलं, मग मी शेजारच्या जहांआराच्या गाडीतून जाते. तेव्हा निघाले. अल नहदाच्या घरापासून कॉलेजपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, पण नवा शर्ट घातला होता, हे लक्षात ठेव.

आता सिनेमा. बांधकामावर मेलेले कामगार काँक्रीटमधून उठतात आणि स्वतः बांधलेल्या टॉवरमध्ये मजल्यामागून मजला चढत जातात. समोरच्या भुताचं नाव ज्याला सांगता येईल तो वाचेल. नाव कुणालाच येत नाही, म्हणून सगळे खाल्ले जातात. कळलं. सुरुवातीलाच कळलं. तरी तू भिंतीवर लाल रंगात लिहिलंस, 'हे कुणी बांधलं?' मग तेच टीव्हीवरच्या बातम्यांत आलं. मग लिफ्टमधली मुलगी तेच म्हणाली. आणि शेवटी तुझा मित्र देवांश कॅमेऱ्याकडे बघून इतका वेळ भाषण करतो की मागचं भूत बिचारं उभं राहून कंटाळलेलं दिसतं. पोळीत पुरण भरपूर असावं, मान्य. पण पोळीही असावी लागते रे.

सातव्या मजल्यावर एक बाई आहे. साडी नेसलेली, हातात पोह्यांची बशी. दाराच्या भिंगातून भुतं बघते आणि नवऱ्याला म्हणते, "टेल देम वी ऑलरेडी गेव्ह ॲट दिवाली." सगळं सभागृह हसलं. ती बाई कोण, हे मला कुणी सांगायला नको. पण मी ते वाक्य आयुष्यात कधी म्हटलेलं नाही. ते बाबांनी म्हटलं होतं, आणि तू तिथेच उभा होतास. मग ते माझ्या तोंडी का घातलंस? बाईच्या तोंडी जास्त हशा पिकतो म्हणून?

बाबांचाही नंबर लागलाच. कामगारांच्या पासपोर्टांचे गठ्ठे टेबलावर मांडून बसलेला मॅनेजर, आणि त्याच्या गळ्यात बाबांचाच निळा तिरप्या रेघांचा टाय. तो हरवला म्हणून मी सगळं कपाट उपसलं होतं. भूत त्या टायला धरून मॅनेजरला टेबलावरून ओढतं, तिथे बाबा उठले आणि बाहेर गेले. मी गेले नाही. मी शेवटपर्यंत बसले.

म्हणून शेवटची पाटी मला दिसली. लेखक तू, दिग्दर्शक तू, संकलक तू, देवांशचं नाव, लिफ्टमधल्या मुलीचं नाव, कॅमेरा उसना देणाऱ्या दुकानाचं नाव. आणि भुतं? 'लेबरर्स ऑफ अल क्वोज', बाबा सांभाळतात त्या कामगारांच्या कॅम्पाचं नाव तेवढं. बस.

अरे, सगळ्यात पुढचं भूत किसन होता! पिठानं चेहरा माखला होतास, तरी खांदा झुकवून चालण्यावरून मी ओळखला. बाबांच्या कंपनीतला शटरिंगचा सुतार, दर गणपतीला आपल्या घरी येऊन मखर करणारा. त्याच्या खांद्यावर बसून तू अजमानचा समुद्र पाहिलास. तुला नाव माहीत नव्हतं का त्याचं? 'नावं घ्या, नावं घ्या' म्हणून जगाला ओरडून सांगणारा सिनेमा, आणि नावं घ्यायची वेळ तुझ्यावर आली तेव्हा?

बक्षीस मी घेतलं. काचेचं आहे. हॉलमध्ये ठेवलं आहे. बाबांनी उचलून आत ठेवलं, मी पुन्हा बाहेर ठेवलं.

आई


शारजा, १२ मार्च २००४

कैवल्य,

तुझी ई-मेल वाचली. 'आई, यू मिस्ड द पॉइंट. द मिसिंग नेम्स आर द स्टेटमेंट.' असेल. स्टेटमेंट तुझं आणि नाव गेलं किसनचं, हे मला पटलेलं नाही आणि पटणारही नाही.

पण आज ते लिहायला बसलेली नाही. तुझ्या स्टेटमेंटचं पुढे काय झालं ते सांगते.

बक्षिसाची बातमी एका इंग्रजी पेपरात आली, सोबत फोटो. फोटोत तू नाहीस, किसन आहे. तोंडाला लाल रंग, हात पुढे केलेले आणि छातीवर कंपनीचा शिक्का ठळक. जनरल मॅनेजर शौकत साहेबांनी तो पाहिला. कंपनीच्या गणवेशात, कंपनीच्या कॅम्पात, कंपनीची अब्रू घालवणारा पिक्चर कुणी काढू दिला, अशी चौकशी सुरू झाली.

परवानगी बाबांनी दिली होती, हे तुला ठाऊक आहे. 'सेफ्टीवरचा कॉलेज प्रोजेक्ट' असं तू त्यांना सांगितलं होतंस. भुताखेतांचा प्रकार आहे हे त्यांना ऑगस्टमध्ये कळलं, म्हणून तर ते भांडण झालं. आता शौकत साहेबांनी विचारलं तेव्हा बाबांनी ना परवानगीचं सांगितलं ना तुझं नाव घेतलं. कॅम्पातल्या मुलांनी परस्पर केलं असेल, म्हणाले. किसनला बोलावलं. त्यानंही तुझं नाव घेतलं नाही, बाबांचंही नाही. मीच गेलो, हौस होती, म्हणाला. खलास. व्हिसा रद्द, घरी परत.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. जेवताना बाबा म्हणाले की किसनचं काम संपलं, तो गावी चाललाय. मला वाटलं, खरंच संपलं असेल. दुसऱ्या दिवशी दुपारी किसन स्वतः निरोप घ्यायला आला. फोटो घडी करून खिशात ठेवलेला. आधी तो दाखवला, आणि खोटं कशाला बोलू, दाखवताना खूश होता. "वहिनी, पेपरात आलो. पण तोंड वळखू येत नाही."

मग चहा घेता घेता सगळं बाहेर आलं. रडला नाही. फक्त म्हणाला, "गावात विचारतील का काढलं. दारू प्यायला, मारामारी केली, असं काय असतं तर सांगता तरी आलं असतं. भूत झालो म्हणून काढलं, हे कसं सांगू?" कावेरीला, त्याच्या बायकोला, अजून कळवलेलं नव्हतं. भुताचं सोंग घेतलं की भूत मागं लागतं, असं ती आधीच म्हणाली होती म्हणे.

मी त्याला विचारलं, कैवल्यनं बोलावलं तेव्हा नाही का म्हटलं नाहीस?  म्हणाला, "साहेबांच्या मुलाला नाही कसं म्हणणार?" आणि लगेच घाईनं पुढे म्हणाला की आपल्याला मजा आली, पोरगं गुणी आहे.

त्याचं पहिलं वाक्य तुझ्या भिंतीवर लाल रंगात लिही.

संध्याकाळी बाबा आल्यावर मी सरळ विचारलं. बाबा म्हणाले, "वीस वर्षं मान खाली घालून नोकरी केली, ती त्याच्या शिक्षणासाठी. त्यानं मला टाय धरून टेबलावरून ओढलं. आता त्याच्यासाठी उरलेली नोकरी पण घालवू?" त्यांचं सगळंच चुकीचं होतं असं मी म्हणत नाही. पण मी विचारलं, मग ती किसननं का घालवायची?  याचं उत्तर माझ्याकडे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जहांआराला म्हटलं, गाडी काढ, अल क्वोजला जायचंय. तिनं कारण विचारलं. सांगितल्यावर म्हणाली, "पागल हो गई हो क्या, अपर्णा? मियाँ की नौकरी है." आणि किल्ली घेऊन पुढे चालायला लागली.

बाबा ऑफिसात नव्हते, साइटवर गेले होते. मी शौकत साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि उभ्यानंच सांगितलं की तो सिनेमा माझ्या मुलानं काढला, परवानगी माझ्या नवऱ्यानं दिली, तीही खोटं सांगून घेतलेली होती, आणि किसनला बोलावणं गेलं ते मॅनेजरच्या मुलाकडून. त्याला नाही म्हणायची सोय नव्हती. शिक्षा द्यायची असेल तर आमच्या घराला द्या.

त्यांनी मला बसायला सांगितलं. पाणी मागवलं. मग म्हणाले, "मॅडम, आप समझ रही हैं ना, इससे उपेंद्रजी का क्या होगा?"

"समझकर ही आई हूँ," मी म्हटलं.

त्यांनी टेबलावरचा फोटो पुढे ओढला. मग विचारलं, पिक्चर अच्छी है क्या? मी म्हटलं, नहीं. लेकिन किसन का काम अच्छा है.

त्यांना हसू आवरलं नाही. पण पुढे काय करणार ते काही सांगितलं नाही.

बाबांना मी स्वतःच सांगितलं, ते घरी येऊन बूट काढत होते तेव्हा. त्यांनी बूट परत घातले आणि खाली फिरायला गेले.

आई


शारजा, १६ एप्रिल २००४

कैवल्य,

एक तर, नाही. किसनवर डॉक्युमेंटरी काढायची नाही. 'दिस इज अ मच बिगर स्टोरी, आई' असं तू लिहितोस. असेल बिगर. त्याची आहे, तुझी नाही.

दुसरं. किसन गावी गेला नाही. त्याचं तिकीट रद्द झालं, व्हिसा राहिला. बाबांची नोकरीही गेली नाही, पण अल क्वोजची खुर्ची गेली. रास अल खैमाला कंपनीची नवी साइट आहे, सिमेंटच्या कारखान्याजवळ. तिथल्या कॅम्पाचं काम बघायला त्यांना पाठवलं आहे. हुद्दा कमी. किसनलाही तिथेच. शौकत साहेबांनी मुद्दाम केलं की योगायोग, देव जाणे.

आम्ही महिनाअखेर तिकडे राहायला जातोय. सतरा वर्षांचं घर आवरते आहे. बायका भेटायला येतात आणि आवाज बारीक करून विचारतात, अपर्णाताई, असं कसं केलंत? नवऱ्याच्या पोटावर पाय दिलात. रशीदा तर म्हणाली, निदान तुम्हाला वाईट तरी वाटतंय ना? मी सांगितलं, झोप छान लागते. खरंच लागते.

बाबा माझ्याशी कामापुरतं बोलतात. मीठ, किल्ली, टेलिफोनचं बिल. मी माझं नेहमीसारखं बोलते. उत्तर येत नाही म्हणून मी गप्प बसणारी बाई नाही, हे त्यांना पंचवीस वर्षांत कळायला हवं होतं. तू लिहिलंयस, 'आर यू ओके? डू यू वॉन्ट टू कम हिअर?' नाही. मी कुठून पळून आलेली नाही, की कुठे पळून जायला हवं.

तुझं काचेचं बक्षीस कपड्यांत गुंडाळून बॉक्समध्ये ठेवलं आहे. सोबत सिनेमाची सीडी.

आई


रास अल खैमा, १८ जून २००४

कैवल्य,

इथे खिडकीतून डोंगर दिसतात. शारजात सतरा वर्षं समोरच्या बिल्डिंगची वाळत घातलेली कापडं बघितली, त्यामुळे पहिल्या दिवशी मी खुर्ची टाकून नुसती बसले. सिमेंटची धूळ मात्र सगळीकडे. दिवसातून दोनदा पुसते.

आज शुक्रवार. आज तुझा सिनेमा दुसऱ्यांदा पाहिला, कॅम्पाच्या मेसमध्ये.

किसननंच सुचवलं होतं. भुतं झालेले आणखी चौघं या साइटवर आहेत. एकानंही सिनेमा बघितलेला नाही, कारण तू त्यांना दाखवलाच नाहीस. बाबांना विचारलं तर म्हणाले, मेसमध्ये टीव्ही आहे, तो बंद करायला मी येणार नाही. मी याला परवानगी समजले.

मेस खच्चून भरली होती. आपले कोकणातले होते, तेलुगू होते, पेशावरकडचे होते. मला एक प्लास्टिकची खुर्ची पुढे दिली. मनात धाकधूक होती. ही माणसं दिवसभर उन्हात मरतात आणि त्यांना मेलेल्यांचा सिनेमा दाखवायचा. कुणाला लागलं तर?

पहिलं भूत काँक्रीटमधून वर आलं आणि अख्खी मेस हसत सुटली. तो त्या चौघांतला गणू होता. तो माझ्या मागेच बसला होता आणि लाजून डोक्यावर टॉवेल घेत होता. मग पहिला मजला. तो गोरा साहेब दार उघडतो, घाबरतो, नाव आठवायचा प्रयत्न करतो. आणि मागून कुणीतरी ओरडलं, "गणू! अरे गणू म्हण!" साहेबाला ते ऐकू येणार कुठे, तो गेला. दुसऱ्या मजल्यावर चार-पाच आवाज आले. तिसऱ्यापासून सगळे. भूत पडद्यावर आलं की त्याला ओळखून नाव ओरडायचे, गावासकट. जी ओळखीची नव्हती त्यांची नावं दुसऱ्या रांगेतून यायची. पठाण मराठी नावं ओरडत होते. सातव्या मजल्यावरच्या त्या बाईला तर त्यांनी जीव तोडून सांगितलं, "भाभी, किसन! किसन बोलो!" आणि ती मेली तेव्हा खरंच हळहळले. त्या क्षणी ती बाई मला आवडली, तुझ्यामुळे नाही, त्यांच्यामुळे.

मॅनेजरचा प्रसंग आला तेव्हा मात्र मेस चिडीचूप झाली. मी वळून बघितलं. बाबा दारात उभे होते. केव्हा आले कळलं नाही. सगळ्यांनी त्यांना बघितलं होतं. पडद्यावर किसन टाय धरून मॅनेजरला ओढत होता आणि इथे खरा किसन खाली मान घालून बसला होता. 

बाबा दारातूनच म्हणाले, "त्याचं नाव कुणीच घेत नाही?"

क्षणभर कुणाला समजलं नाही. मग कळलं, मॅनेजरबद्दल विचारतायत. किसन उठून उभा राहिला. म्हणाला, "उपेंद्र साहेब." बाबांनी मान डोलावली आणि आत येऊन बाकावर बसले, गणूशेजारी. शेवटपर्यंत बसले. भाषणाच्या वेळी अर्धी मेस चहाला उठली, बाबा उठले नाहीत.

आता तुझं काम सांगते. किसनचा नंबर पाठीमागे लिहिला आहे. शुक्रवारी दुपारी जेवणानंतर तो मोकळा असतो. त्याला फोन कर. मराठीत बोल, मोडकं चालेल. रेकॉर्ड करायचं नाही, नोट्स काढायच्या नाहीत, कुठल्या मित्राला स्पीकरवर ऐकवायचं नाही. आणि तोवर मला फोन करू नकोस. केलास तर मी घेणार नाही. मी बोलते तसं करते, हे आता कंपनीलाही माहीत झालं आहे.

आई


रास अल खैमा, ३ जुलै २००४

कैवल्य,

काल तू फोन केलास तेव्हा मी तिथेच होते, हे तुला कुणी सांगितलं नाही. बाबांना कॅम्पात काम होतं, मी किसनसाठी सोलकढी घेऊन सोबत गेले होते. त्यानं नंबर बघितला, हात शर्टाला पुसले आणि मग फोन घेतला.

तुझं बोलणं मला ऐकू येत नव्हतं, त्याचंच येत होतं. बराच वेळ तो नुसता हं, हं करत होता. मग म्हणाला, "सॉरी काय करायचंय, बाला. काय होईल ते तुला ठावं नव्हतं, मला ठावं होतं. पण नाव टाक. माझ्या पोरीला दाखवायचंय." मग तू काहीतरी विचारलंस. तो हसला आणि म्हणाला, "पुढच्या पिक्चरमध्ये मला मॅनेजर कर. भूत साहेबांना कर."

बाबा तिथेच टेबलाशी बसले होते. त्यांनी हे ऐकलं. कागदावरून नजर काढली नाही, पण लिहिणं थांबलं. किसननं फोन त्यांच्यापुढे धरला.  मी घ्या म्हटलं नाही, राहू द्या म्हटलं नाही. तुमचं वर्षभराचं वैर, तुमचं तुम्ही बघा.

घेतला. आवाज ऑफिसातला होता. म्हणाले, "ते शेवटचं भाषण काढून टाक. फार लांबलंय. आणि मॅनेजर पासपोर्ट टेबलावर ठेवत नाही, कपाटात ठेवतो. कुलूप लावून." कुलूप कोण लावतं, असं तू विचारलं असावंस. "हो, मीच लावतो. मग काय म्हणणं आहे तुझं?"

तुझं काहीतरी म्हणणं होतं, कारण त्यानंतर बाबांचा आवाज चढला. कंपनीचे नियम, तुझी फी, कॅनडा, टाय, खोटं सांगून घेतलेली परवानगी, सगळं निघालं. तूही सोडत नव्हतास, पलीकडून तुझा आवाज आता मलाही ऐकू येत होता. बाहेरून जाणारी मुलं दारात थबकत होती. किसननं मला खुणेनं विचारलं, मध्ये पडू का? मी मान हलवली, नको.

तो आणि मी सोलकढी प्यालो. तुम्ही भांडत होतात. मी एकदाही फोन मागितला नाही.

आई